जोसेफ सुताराची उपनगरं

संध्याकाळच्या प्रयोगाला पृथ्वी थिएटर गाठायचं तर पार्ल्याहून किंवा अंधेरीहून रिक्षा करायची आणि सांगायचं, ‘जुहू चर्च रोड’. मीटर पडतो, रिक्षा निघते. या भागात जानकी कुटीर आहे, जवळच इस्कॉनचं मंदिर आहे, सिनेमावाल्यांचे बंगले आहेत. पण ज्या चर्चवरून रस्त्याला नाव पडलं ते कुणाचं, हे रोज हा पत्ता सांगणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. ते संत जोसेफचं. १८५३ साली बांधलेलं. तेव्हा जुहू म्हणजे साष्टी बेटाच्या पश्चिमेला समुद्रातून जेमतेम वर आलेला वाळूचा लांबट पट्टा होता. ओहोटीला मधली खाडी पायी ओलांडून तिथे जाता यायचं. वस्ती कोळ्यांची, भंडाऱ्यांची, आगरी-कुणब्यांची आणि थोड्या गोवेकरांची. मासे, ताडी, मीठ आणि शेती यांवर पोट असलेल्या या माणसांच्या बेटावर एका सुताराच्या नावाचं देऊळ उभं राहिलं. आज त्याचं नुसतं ‘जुहू चर्च’ झालं आहे. सुताराचं नाव गळून पडलं आणि पत्ता तेवढा उरला.

या माणसाच्या बाबतीत असं नेहमीच होतं. मुंबईच्या उपनगरांतली चर्चं नकाशावर बघत गेलं तर आईचं राज्य दिसतं. वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउली. सप्टेंबरात तिच्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन रांगा लावतात. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांशेजारी पोयसरची निष्कलंक माता, कांदिवलीला स्वर्गोन्नयन माता, मालाडच्या ओर्लेमला लूर्दची माता, सहारला आरोग्यमाता. त्यानंतर इतर संतांचा नंबर: आंबोलीत ब्लेझ, पार्ल्यात झेवियर, वाकोल्यात अँथनी. बाप शोधावा लागतो. जुहूनंतर तो विक्रोळीला भेटतो, वांद्रे पूर्वेला सरकारी वसाहतीच्या अंगाला भेटतो, आणि शहराची हद्द ओलांडल्यावर मीरा रोडला भेटतो. नियम म्हणून सांगत नाही, पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. पोर्तुगीज काळातल्या जुन्या गावठाणांत आई आधीच जाऊन बसलेली होती. बाप बराचसा मागाहून आला, कारखाने, हाउसिंग बोर्डाच्या चाळी आणि बिल्डरांचे टॉवर यांच्याबरोबर.

पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत तो योसेफ आहे, चर्चच्या पाटीवर जोसेफ. चार शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. मेंढपाळ बोलतात, ज्योतिषी बोलतात, हेरोद राजा बोलतो, सैतानालासुद्धा संवाद आहेत. योसेफाला नाहीत. मार्कने त्याचा उल्लेखच केलेला नाही, योहानाने जाता जाता नाव घेतलं आहे. जे काही कळतं ते मुख्यतः मत्तय आणि लूक यांच्या सुरुवातीच्या अध्यायांतून. त्यातही दोघांचं सगळं जुळत नाही. मत्तय त्याच्या बापाचं नाव याकोब सांगतो, लूक एली सांगतो. या एका प्रश्नावर पंडितांनी शतकानुशतकं शाई खर्च केली आहे.

कथा अशी. गालील प्रांतातल्या नासरेथ गावी योसेफाचं मरीयेशी लग्न ठरलेलं. तेव्हाच्या यहुदी रिवाजात ठरलेलं लग्न म्हणजे जवळजवळ झालेलंच लग्न. मोडायचं तर सोडचिठ्ठी लागे. एकत्र नांदायच्या आधीच मरीया गरोदर असल्याचं त्याला कळलं. धर्मशास्त्र हातात होतं. चारचौघांत आरोप केला असता तर शिक्षा दगडांची होती. त्याने ठरवलं की बोभाटा करायचा नाही, गुपचूप सोडून द्यायचं. त्यानंतर स्वप्नात देवदूत आला आणि म्हणाला, भिऊ नकोस, तिला घरी आण, तिच्या पोटातलं बाळ पवित्र आत्म्याचं आहे. धर्मगुरू प्रवचनात भर देतात तो या स्वप्नावर, त्याच्या आज्ञाधारकपणावर. मला त्याच्या आधीची संध्याकाळ मोठी वाटते. देवदूत यायचा होता. समोर फक्त फसवणूक दिसत होती. अशा वेळी हातात दगड असलेल्या गावात त्या माणसाने आधी मुलीची अब्रू राखायची ठरवली. बाकीचं सगळं संतपण मग आलं.

देवदूताने त्याला आणखी एक काम दिलं: बाळाचं नाव तू ठेव. नाव ठेवणं म्हणजे आपलं म्हणून पदरात घेणं. येशू दाविदाच्या घराण्यातला ठरतो तो या सुताराच्या वंशावळीमुळे, रक्ताच्या नात्याने नव्हे. शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत बापाचं नाव मधे लावणाऱ्या आपल्या मुलखात हे कायद्याचं पितृत्व समजवायला फार कष्ट पडू नयेत.

आणि पुढचा प्रसंग तर मराठी माणसाला आधीच पाठ आहे. राजाला भाकीत कळतं, राजा तान्ही मुलं मारायला निघतो, एक बाप रात्रीच्या अंधारात बाळ उचलून हद्दीपार नेतो. यमुनेच्या पुरातला वसुदेव आठवल्याशिवाय ही कथा आपल्याकडे कुणी ऐकूच शकत नाही. फरक एवढाच की वसुदेवाने बाळ नंदाच्या घरी पोचवलं आणि तो परत तुरुंगात गेला. योसेफाला दोघांची कामं एकट्याने करावी लागली; रात्रीचा वसुदेवही तोच आणि वाढवणारा नंदही तोच. इस्कॉनच्या मंदिरात जन्माष्टमीला उसळणारी गर्दी आणि तिथून जवळच असलेलं शांत जुहू चर्च यांच्यात हा एक धागा आहे, पण त्याबद्दल दोन्हीकडे कुणी फारसं बोलताना ऐकलं नाही.

इजिप्तला जाण्याआधी घरी पाहुणे येऊन गेले होते. पूर्वेकडचे ज्ञानी, हातात सोनं, ऊद आणि गंधरस. बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला उतरलं की तिथलं गावचं चर्च या तीन राजांचं आहे. ६ जानेवारी हा राजांचा सण. सण त्यांचा असला तरी घर योसेफाचं होतं, हे विसरू नये. त्या सोन्याचं पुढे काय झालं, हे शास्त्र सांगत नाही. प्रवचनकार मात्र सांगतात की परदेशातला खर्च त्यातूनच निघाला असणार. हा अंदाज मला पटतो, कारण त्याच्या थोडंच आधी लूकने या कुटुंबाची ऐपत उघडी केली आहे. बाळंतपणानंतरच्या शुद्धीसाठी मंदिरात कोकरू द्यायचं असे. ज्याला परवडत नसेल त्याने पाखरांची जोडी द्यावी, अशी सवलत होती. योसेफ-मरीयेच्या वतीने सांगितलेली आहे ती पाखरांचीच सवलत. हा देवाच्या मुलाचा बाप होता आणि त्याच्याकडे कोकराचे पैसे नव्हते.

मग इजिप्त. या एका प्रवासाचं स्मारक मुंबईत आहे, आणि तेही विमानतळाच्या शेजारी. कलिना, म्हणजे जुनं कोळे-कल्याण, तिथलं चर्च १६०६ सालचं, इजिप्तच्या मातेचं. पुन्हा नाव आईचंच. स्वप्न पडलं ते बापाला, रात्रीच उठवून निघायचं ठरवलं त्याने, वाट काढली त्याने, परमुलखात सुतारकी करून पोट भरलं असणार तेही त्यानेच. देवळावर नाव मात्र तिचं. तक्रार म्हणून नाही, योसेफाला स्वतःलाही त्याचं काही वाटलं नसतं, असं त्याचा एकंदर स्वभाव बघता म्हणायला हरकत नाही. पण कलिन्याच्या डोक्यावरून गेली कित्येक दशकं जी विमानं आखाताकडे उडाली, त्यांत वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, उपनगरांतले किती बाप होते! दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर येणारे, मुलांची उंची दाराच्या चौकटीवरच्या खुणांत बघणारे. ‘रात्रीच ऊठ, बाळ आणि त्याची आई यांना घेऊन परदेशात जा’ हा निरोप या भागात कुणाला नवलाचा वाटत नाही. या बापांना मात्र बाळ आणि आई मागे ठेवून जावं लागलं.

इजिप्तहून परत आल्यावर योसेफ एकदाच दिसतो. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या यात्रेत हरवतो, तीन दिवसांनी मंदिरात शास्त्र्यांशी बोलत बसलेला सापडतो. तेव्हाही बोलते ती आई: तुझा बाप आणि मी काळजीने तुला शोधत होतो. बाप शेजारी उभा. त्यानंतर तो कथेतून निघूनच जातो. येशू मोठा होऊन उपदेश करू लागतो तेव्हा गावकरी विचारतात, हा त्या सुताराचाच मुलगा ना? त्या प्रश्नात कौतुक नाही, हिणवणं आहे. क्रुसाखाली आई आहे, बाप नाही. म्हणजे मधल्या वर्षांत कधीतरी तो वारला असावा, असं परंपरा धरून चालते.

जिथे शास्त्र गप्प आहे तिथे लोक बोलतात. दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात योसेफ म्हातारा विधुर आहे, त्याला आधीची मुलं आहेत. मरीयेसाठी वर निवडताना सगळ्या विधुरांच्या काठ्या गोळा करतात आणि याच्या काठीतून कबुतर निघतं. पुढच्या दंतकथांत काठीला फुलं आली. इजिप्तमध्ये रचल्या गेलेल्या ‘सुतार योसेफाचा इतिहास’ या ग्रंथात तो १११ वर्षांचा होऊन मरतो. त्याला एवढं म्हातारं करण्यामागे हिशेब होता. मरीयेच्या कौमार्याबद्दल शंका नको आणि शास्त्रात येणाऱ्या ‘येशूच्या भावां’ची सोय लागावी. पूर्वेकडच्या चर्चने ते भाऊ योसेफाच्या पहिल्या बायकोचे मानले, कॅथलिकांनी संत जेरोमच्या मागे जाऊन त्यांना चुलत-मावस भाऊ ठरवलं, बहुतेक प्रोटेस्टंटांनी सरळ सख्खे धाकटे भाऊ म्हटलं. एका म्हाताऱ्याच्या घरची ही भाऊबंदकी अजून मिटलेली नाही.

चित्रकारांनी मग त्याला कोपऱ्यात बसवलं. मध्ययुगातल्या ख्रिस्तजन्माच्या चित्रांत तो गालावर हात ठेवून पेंगतो. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस विद्यापीठाचा कुलपती ज्याँ जेर्साँ वाद घालू लागला की असा म्हातारा वाळवंट ओलांडून बायको-मुलाला इजिप्तला कसा नेईल? तो तरुण, धट्टाकट्टाच असला पाहिजे. पुढे आविलाच्या तेरेसाने १५६२ साली आपला पहिला सुधारित मठ संत जोसेफच्या नावाने काढला आणि स्पेनभर त्याचं माहात्म्य वाढवलं. चित्रांतली दाढी हळूहळू काळी झाली.

आज उपनगरातल्या कॅथलिक घरात देव्हाऱ्यावर जो पुतळा दिसतो तो या दोन्ही परंपरांची तडजोड आहे. प्लास्टरचा, हातभर उंचीचा. तपकिरी झगा, वरून पिवळी शाल. दाढी पिकलेली नाही, पण माणूस पोरसवदाही नाही. एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात काठी, तिच्या टोकाला पांढऱ्या लिलीची फुलं. म्हणजे तीच ती दंतकथेतली फुललेली काठी. मजूर रूपात असेल तर काठीच्या जागी करवत किंवा काटकोनाचा गुण्या, पायाशी रंधा. नाकाचं टोक आणि लिलीची एखादी पाकळी हमखास उडालेली असते, कारण स्थलांतरात पुतळे गुंडाळायचे ते जुन्या वर्तमानपत्रांत. गिरगाव, माझगाव, डोंगरीतून अंधेरी-मालाडला आणि तिथून वसई-नायगावला सरकलेल्या घराण्यांचे देव असेच टेम्पोतून आलेले आहेत.

डिसेंबरात हाच माणूस गोठ्यात उभा राहतो. मरोळ, कोंडिविटा, आंबोली, आय.सी. कॉलनी, जिथे म्हणून ख्रिस्ती वस्ती आहे तिथली पोरं नाताळच्या आठवडाभर आधी गोठे उभारायला लागतात. आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यांचंच ते भावंड: तीच माती, तीच गोणपाटं, तेच उगवलेलं हिरवं, तीच ‘कुणाचा मोठा’ ही स्पर्धा. किल्ल्यावर जसे मावळे कमी-जास्त उंचीचे येतात तसे गोठ्यात मेंढपाळ. आणि दरवर्षी कुठे ना कुठे योसेफ त्या मेंढपाळांत हरवतो. त्यालाही दाढी, यांनाही दाढी. काठी दोघांच्याही हातात. मग कुणीतरी वडीलधारी बाई येऊन ‘अरे तो नव्हे, तो शाल घेतलेला, त्याला बाळाजवळ ठेवा’ म्हणून त्याला जागेवर आणते. मरीया कधी चुकत नाही. बाळ तर पंचवीसच्या रात्रीपर्यंत कपाटात जपून ठेवलेलं असतं.

रोमनेही त्याला जागेवर आणायला वेळच घेतला. १९ मार्चचा त्याचा सण रोमच्या पंचांगात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि सगळ्या चर्चला बंधनकारक झाला तो १६२१ साली. म्हणजे येशू-मरीयेनंतर ज्याचं नाव घ्यावं त्याला सार्वत्रिक सण मिळायला सोळाशे वर्षं लागली. १८७० मध्ये, पोपचं राज्य इटलीने घेतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ डिसेंबरला नवव्या पायसने त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता जाहीर केलं. आपलं घरदार गेल्यावर पोपला हा निर्वासित आठवला, असं म्हणायचा मोह होतो.

त्याच्या गप्प बसण्याला शोभेल अशी गोष्ट १९६२ ची आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती, जगभरातले दोन हजारांहून जास्त बिशप जमले होते. १० नोव्हेंबरला मोस्तारचे बिशप पेटर चुले बोलायला उभे राहिले. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, मुख्य प्रार्थनेत संत जोसेफचं नाव घालावं, एवढीच त्यांची मागणी. बोलताना ते अडखळत होते, तेच तेच पुन्हा म्हणत होते, सभागृहात चुळबुळ सुरू झाली. अध्यक्षस्थानी असलेल्या कार्डिनलनी त्यांना थांबवलं. बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं की हा माणूस युगोस्लाव्हियाच्या कम्युनिस्ट तुरुंगात वर्षानुवर्षं राहून आला आहे. तेविसावे योहान पोप आपल्या खोलीत टीव्हीवर हे बघत होते आणि त्यांना ते ठाऊक होतं. तीनच दिवसांनी घोषणा झाली: जोसेफचं नाव प्रार्थनेत येईल. जी प्रार्थना शतकानुशतकं कुणी हात लावू नये अशी मानली गेली होती, तिच्यात बदल झाला तो एका अडखळणाऱ्या माणसामुळे. उरलेल्या तीन मुख्य प्रार्थनांत ते नाव यायला २०१३ उजाडलं. आज अंधेरीतल्या इंग्रजी मिस्सेत काय किंवा मराठी मिस्सेत काय, मरीयेच्या नावामागून ‘तिचा पती’ म्हणून जोसेफ येतो.

त्याचा दुसरा सण १ मेचा. समाजवाद्यांचा कामगार दिन चर्चच्या दृष्टीने अडचणीचा होता. बाराव्या पायसने १९५५ साली तो दिवस ‘कामगार संत जोसेफ’च्या नावे केला. हे राजकारण होतं, ते लपवायचं कारण नाही. पण पाच वर्षांनी त्याच तारखेला महाराष्ट्र राज्य आलं आणि मुंबईत एक विलक्षण तिहेरी दिवस तयार झाला. वांद्रे पूर्वेचं चर्च या कामगार जोसेफचं आहे. सरकारी वसाहत, खेरवाडी, कारकून, शिपाई, मेकॅनिक यांच्या शेजारात त्याला अगदी योग्य जागा मिळाली आहे. आपल्या संतमंडळात गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी अशी माणसं धंद्यासकट उभी आहेत. धंदा टाकून नव्हे, तर धंद्यात राहून संत झालेली. त्या पंगतीत योसेफ सुतार बसला तर कुणी उठून जाईल असं वाटत नाही. वाकस, पटाशी, करवत ही हत्यारं बदललेली नाहीत. नासरेथपासून तासा-दीड तासाच्या चालीवर सेप्फोरिस हे शहर त्या काळी नव्याने बांधलं जात होतं. बाप-लेक रोज तिथे कामाला जात असावेत, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. खेड्यात राहून शहराचं बांधकाम करणं म्हणजे काय, हे विरार लोकलला विचारावं.

नावाचा विषय निघाला आहे तर काकांना विसरून चालणार नाही. जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा, टिळकांचे वकील आणि सहकारी, होमरूल चळवळीतले पुढारी, १९२५ साली मुंबईचे महापौर. ते ईस्ट इंडियन, म्हणजे साष्टी-वसईच्या मूळ मराठीभाषक ख्रिस्ती समाजातले. त्या समाजाने १८८७ साली हे नाव घेतलं. काकांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, जोसेफच्या सणाच्या दोन दिवस आधीचा. नाव त्यावरूनच पडलं की काय ते असो. पण १९२० साली आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत हा जोसेफ होता. पायस पोपना कामगारांचा जोसेफ सुचायच्या पस्तीस वर्षं आधी.

१९ मार्च मात्र उपनगरात बेताचाच साजरा होतो. तारीखच अशी की ती दरवर्षी उपवासकाळात सापडते. ईस्टर लवकर आला तर पवित्र आठवड्याच्या वाटेतून तिला बाजूला व्हावं लागतं. २००८ साली सण चार दिवस अलीकडे, १५ मार्चला करावा लागला होता. उपवासकाळात लग्नं नाहीत, बँड नाही, वाजंत्री नाही. शिवाय मार्च म्हणजे दहावीचे पेपर आणि ऑफिसात मार्च एन्डिंग. ज्याचा सण तो बाप स्वतः त्या दिवशी ताळेबंद जुळवत उशिरापर्यंत थांबलेला असतो. पोर्तुगाल, स्पेन, इटलीत हाच दिवस पितृदिन म्हणून पाळतात. दोनशे वर्षं पोर्तुगिजांच्या सावलीत काढलेल्या आपल्या किनाऱ्यावर मात्र फादर्स डे आला तो अमेरिकेतून, जूनच्या तिसऱ्या रविवारी, केक आणि टी-शर्टांच्या जाहिरातींसह. आठवड्याचा वारही त्याच्याकडे राहिलेला नाही. जुन्या कॅथलिक रिवाजात बुधवार जोसेफचा. मुंबईत बुधवार म्हणजे माहीम. १९४८ पासून तिथली नोव्हेना निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची आहे आणि बुधवारी माहीम स्टेशनाबाहेर पाऊल ठेवायला जागा नसते.

एकदा तरी त्याचा सण मनासारखा जुळून आला होता. फ्रान्सिस पोपनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर ‘संत जोसेफचं वर्ष’ पाळायला सांगितलं. त्यासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी करोनाकाळात मागे राहून जग चालवणाऱ्यांची आठवण काढली होती: परिचारिका, दुकानदार, सफाई कामगार, वाहतूकवाले. त्या वर्षी १९ मार्च शुक्रवारी आला. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. पण मोठा सण त्या दिवशी पडला तर चर्चचा कायदा ती बंदी उठवतो. म्हणजे एरवी वांग्याची भाजी असायची त्या दिवशी बॉटल मसाल्याचं मटण शिजवायला धर्माची हरकत नव्हती. फक्त पंगतीला बोलवायला माणसं नव्हती. महाराष्ट्रात दुसरी लाट चढत होती.

फ्रान्सिस पोपनीच त्याचं एक नवं रूप लोकप्रिय केलं. १६ जानेवारी २०१५ ला मनिलात त्यांनी सांगितलं की माझ्या टेबलावर झोपलेल्या जोसेफचा पुतळा आहे. अडचण आली की ती कागदावर लिहून मी त्याच्याखाली सरकवतो, तो झोपेत बघून घेईल. ज्याला देवाने चार वेळा स्वप्नातच गाठलं त्याच्याकडे अर्ज करायची ही रीत बरोबर आहे. पेंगणारा म्हातारा म्हणून ज्याची थट्टा झाली, त्याची झोपच आता कामाची ठरली. आता आपल्याकडेही धार्मिक वस्तूंच्या दुकानांत कुशीवर झोपलेला जोसेफ मिळतो. अमेरिकेत एक वेगळीच चाल आहे: घर विकलं जात नसेल तर अंगणात जोसेफचा छोटा पुतळा उलटा पुरायचा. धर्मगुरू नाकं मुरडतात, विक्री होते. मुंबईत ही चाल रुजणं कठीण. चौदाव्या मजल्यावर पुरायला माती कुठली? कुंडीत पुरावा, तर सोसायटीची नोटीस.

उरली गोष्ट मरणाची. येशू आणि मरीया उशाशी असताना तो गेला, या समजुतीवर त्याला चांगल्या मरणाचा संत मानतात. ‘हातीपायी धड असताना, माणसांत असताना जावं’ ही आपल्या म्हाताऱ्यांची रोजची मागणी ज्याच्याकडे करावी असा हा संत. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या धर्मभगिनींचा वृद्धाश्रम आहे. ज्यांच्याकडे पैसा नाही अशा म्हाताऱ्यांसाठी. या संघाची सुरुवात झान ज्युगां या फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या मोलकरणीने केली. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या म्हातारीला घरी आणलं, आपला बिछाना तिला दिला आणि आपण माळ्यावर झोपली. संघ वाढला तशी एका धर्मगुरूने तिला बाजूला सारून संस्थापकपण स्वतःकडे घेतलं. शेवटची २७ वर्षं ती मठात साधी बहीण म्हणून राहिली. शेजारी बसणाऱ्या नव्या मुलींना ठाऊक नव्हतं की हा संघ हिने काढला. त्यातली बहुतेक वर्षं ज्या मठात गेली त्याचं नाव होतं संत जोसेफचा मनोरा. १८७९ साली ती वारली. २००९ मध्ये ज्या पोपनी तिला संत जाहीर केलं त्यांचं मूळ नाव जोसेफ होतं, हा निव्वळ योगायोग.

तिची एक गोष्ट या संघाच्या प्रत्येक घरात सांगतात. आंजे शहरातल्या घरात म्हाताऱ्यांना पावाबरोबर लावायला लोणी नव्हतं. झानने घरातली लोण्याची रिकामी भांडी गोळा केली, संत जोसेफच्या पुतळ्यापुढे ओळीने मांडली आणि वर चिठ्ठी ठेवली की आमच्या म्हाताऱ्यांना लोणी पाठव. दोनचार दिवसांत कुणा अनोळखी माणसाने लोणी पाठवलं. तेव्हापासून या घरांत साठा संपत आला की संपलेल्या जिन्नसाचा नमुना जोसेफपुढे ठेवायची रीत आहे. तांदूळ संपले तर मूठभर तांदूळ, बटाटे संपले तर एक बटाटा. पण नमुना ठेवून या बायका नुसत्या बसत नाहीत. संघाचे नियमच असे की पक्कं उत्पन्न ठेवायचं नाही आणि रोजचं रोज मागून आणायचं. त्यामुळे बटाटा जोसेफपुढे ठेवायचा, पिशव्या घ्यायच्या आणि बाजारात दुकानं हिंडायला निघायचं.